नाटकातील रंगीत काचेची कमान: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका गावातील हौशी नाट्यमंडळ देवस्थानच्या जत्रेत दरवर्षी मराठी नाटक सादर करते आणि जमल्यास तेच नाटक पुढे स्पर्धेतही उतरवते. येथे मांडलेले प्रकरण अशाच एका हंगामातील आहे. गाव, मंडळ आणि व्यक्ती ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. नाटकाचे कथानक दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यातल्या एका जुन्या घराच्या बैठकीच्या दालनात घडत होते. दालनाच्या मधल्या दारावर रंगीत काचांची अर्धवर्तुळाकार कमान असावी, सकाळी ती थंड उजेडात दिसावी, संध्याकाळी तांबूस व्हावी आणि तिसऱ्या अंकात तिच्यातून आलेले रंगीत ऊन जमिनीवरून सरकत एका पात्राच्या पायांपर्यंत पोहोचावे, अशी दिग्दर्शकांची मागणी होती. नेपथ्याच्या पहिल्या बैठकीत त्यांनी ती एका वाक्यात सांगितली होती: “मला खिडकी नको, खिडकीतून आलेले ऊन हवे.” पुढच्या कामाची खरी किल्ली या वाक्यात होती, मात्र त्या वेळी ते बोलण्याच्या ओघात आलेले वाक्य म्हणून सोडून दिले गेले.

कमान सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच ठरली. खऱ्या काचेचा विचार लगेच मागे पडला. चार मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १० किलो भरते. या कमानीचे क्षेत्रफळ १.३ चौरस मीटरच्या आसपास असल्याने नुसत्या काचेचेच १३ किलो झाले असते. नेपथ्य टेंपोतून न्यायचे, अंधारात उभारायचे आणि प्रयोग संपताच उतरवायचे असल्यामुळे कलाकारांच्या डोक्यावर तेवढी काच टांगणे कोणालाच मान्य नव्हते. म्हणून काम गावाजवळच्या एका ग्राफिक्स आणि फ्लेक्स छपाईच्या दुकानाकडे गेले. छपाईपूर्वी फाइल तपासण्याची जबाबदारी माझ्याकडे असल्याने त्यानंतरचा सगळा प्रवास मला जवळून पाहता आला.

पहिला मसुदा आणि त्याची चाचणी

दुकानातील तरुण डिझायनरने पहिला मसुदा फोटोशॉपमध्ये केला. त्याने एका फुलांच्या चित्रावर ‘स्टेन्ड ग्लास’ हे तयार फिल्टर वापरले. हे फिल्टर चित्राचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बहुकोनी कप्पे पाडते, प्रत्येक कप्प्यात तिथल्या रंगाची सरासरी भरते आणि कप्प्यांच्या कडा निवडलेल्या रंगाने आखते. कप्प्याचा आकार, कडेची जाडी आणि प्रकाशाची तीव्रता एवढ्याच तीन गोष्टी त्यात आपल्या हाती असतात. त्यावर डिझायनरने प्रत्येक तुकड्याला ‘बेव्हल अँड एम्बॉस’ हा उठावाचा परिणाम देऊन फुगीर केले आणि वरच्या डाव्या बाजूला पांढऱ्या चमकेचे पट्टे काढले. मॉनिटरवर हा मसुदा विलक्षण देखणा दिसत होता आणि मंडळातील सर्वांनी तो एकमताने पसंत केला.

बॅकलिट फ्लेक्सवर, म्हणजे मागून उजळण्यासाठीच्या अर्धपारदर्शक फ्लेक्सवर, त्याचा दोन फुटांचा नमुना छापून मागे दिवा लावला, तेव्हा तो पूर्णपणे फसला. चमकेचे पांढरे पट्टे म्हणजे शाई नसलेली जागा. तिथून दिव्याचा उजेड थेट बाहेर आला आणि कापड फाटल्यासारखी भोके दिसू लागली. फुगीरपणासाठी काढलेल्या सावल्या मळकट डागांसारख्या दिसल्या. काळ्या रेषा एकपदरी छपाईत पुरेशा गडद होत नसल्याने तपकिरी दिसत होत्या, आणि चाळीस फुटांवर उभे राहिल्यास चार मिलिमीटरच्या त्या रेषा शेजारच्या उजेडात विरघळून जात होत्या.

या अपयशाचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण काचेचा आभास निर्माण करणाऱ्या बहुतेक कामांत हाच घोटाळा होतो. काच दोन प्रकारे दिसते. प्रकाश आपल्या बाजूने पडत असेल तर तिच्यावर चकाकी, प्रतिबिंब आणि कडेची चमक दिसते. प्रकाश पलीकडून येत असेल तर ही चकाकी जवळजवळ नाहीशी होते आणि काचेचा रंग, तिच्यातील लहरी, बुडबुडे आणि कडेला साचलेली धूळ दिसू लागते. एकाच काचेची ही दोन परस्परविरोधी रूपे आहेत. सॉफ्टवेअरमधील ‘ग्लास’ नावाच्या बहुतेक तयार शैली पहिले रूप रंगवतात, कारण बटणे आणि बोधचिन्हे यांच्यासाठी तेच उपयोगी पडते. दारावरच्या कमानीला दुसरे रूप हवे होते. मॉनिटरवर चूक लक्षात आली नाही, कारण मॉनिटर स्वतःच मागून उजळलेला असतो आणि त्यावर काढलेले काहीही प्रकाशमान भासते.

जुन्या घरांतून मिळालेली दिशा

या टप्प्यावर नेपथ्यकारांनी काम थांबवून डिझायनरला सोबत घेऊन लोटली आणि चांदर या गावांतील जुन्या घरांच्या कमानी पाहण्याचा निर्णय घेतला. वेळ आधीच कमी असताना असा खंड पाडणे सर्वांना पटले नव्हते, तरीही संपूर्ण प्रकरणातील हा सर्वांत मोलाचा निर्णय होता, असे माझे मत आहे. परत आल्यावर त्यांनी तीन गोष्टी मांडल्या.

पहिली गोष्ट रचनेची होती. युरोपातील चर्चच्या खिडक्यांत काचेचे तुकडे शिशाच्या बारीक पट्ट्यांनी जोडलेले असतात, त्यामुळे वेडेवाकडे आकार आणि मानवी आकृत्या शक्य होतात. गोव्यातील घरांच्या दारावरच्या कमानीत मात्र बहुधा लाकडी पट्ट्या मध्यबिंदूपासून किरणांसारख्या पसरतात आणि त्यांच्यामधल्या पाकळ्यांत तांबड्या, निळ्या, हिरव्या, पिवळ्या अशा सपाट रंगांच्या काचा बसवलेल्या असतात. म्हणजे फुलांचे चित्र आणि पोळ्याचे कप्पे हे दोन्ही या घरात परके ठरले असते.

दुसरी गोष्ट अशी की, एकाच रंगाच्या दोन काचा कधीही सारख्या नव्हत्या. काही नंतर बदललेल्या होत्या, काही पावसाने आणि धुळीने मंद झाल्या होत्या.

तिसरे निरीक्षण प्रकाशाविषयीचे होते आणि त्याने पुढचा आराखडाच बदलून टाकला. याच घरांच्या काही खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने आहेत. काच महाग होती त्या काळात ‘प्लाकुना प्लासेंटा’ या चपट्या शिंपल्याचे अर्धपारदर्शक तुकडे लाकडी चौकटीत बसवण्याची पद्धत गोव्यात रूढ होती. सकाळच्या उन्हात ही तावदाने स्वतः दुधाळ उजळतात, पण जमिनीवर त्यांचा स्पष्ट कवडसा पडत नाही. शेजारच्या रंगीत काचेचा रंगीत कवडसा मात्र ठसठशीत पडतो. शिंपला प्रकाश विखुरतो आणि काच त्याला सरळ जाऊ देते, हा त्यातील भेद आहे. दिग्दर्शकांना हव्या असलेल्या दोन गोष्टी, म्हणजे समान उजळलेली कमान आणि जमिनीवर सरकणारे रंगीत ऊन, एकाच पडद्याकडून मिळणार नाहीत, हे येथे स्पष्ट झाले.

विचारात घेतलेले पर्याय

रंगीत ॲक्रिलिकचे तुकडे कापून बसवावेत, ही सूचना प्रथम आली. ते काचेपेक्षा हलके असते आणि फुटण्याची भीती कमी असते. परंतु प्रत्येक रंगासाठी मोठा पत्रा विकत घ्यावा लागतो आणि त्याचा एकसारखा सपाट रंग दुकानाच्या पाटीसारखा दिसतो. जुन्या काचेतील असमानता त्यात आणता येत नाही.

पारदर्शक फिल्मवर छपाई करून मागे एकच तीव्र दिवा ठेवावा, म्हणजे कमान आणि कवडसा दोन्ही साधतील, असा प्रकाशयोजनाकारांचा आग्रह होता. तत्त्वतः ते बरोबर होते. प्रत्यक्षात मात्र पारदर्शक फिल्ममधून प्रेक्षकांना दिव्याचा झळाळता गोळा, मागच्या दोऱ्या आणि विंगेतून जाणारी माणसे दिसली असती. शिवाय हॅलोजन दिव्याच्या उष्णतेजवळ विनाइल मऊ पडते, आणि दिवा दूर नेण्यासाठी मंडपातील रंगमंचामागे तेवढी जागाच नव्हती.

कवडसा जमिनीवर अंथरायच्या कापडावर छापून टाकावा, असाही एक विचार झाला. तो स्वस्त होता, पण छापलेले ऊन पात्राच्या अंगावर चढत नाही आणि दिवा मंद केला तरी मावळत नाही, म्हणून तो लगेच बाजूला ठेवला.

अखेर काम दोन भागांत विभागले गेले. दिसणारी कमान दुधाळ बॅकलिट फिल्मवर छापायची आणि कवडशासाठी प्रेक्षकांना न दिसणारी वेगळी व्यवस्था करायची, असे ठरले. त्याच बैठकीत सुताराने एक मुद्दा मांडला: लाकडी पट्ट्या छापण्यापेक्षा खऱ्याच ठोकाव्यात. एक इंच रुंदीची लाकडी पट्टी उजेड पूर्ण अडवते, चाळीस फुटांवरूनही ठळक दिसते आणि छपाईतील काळ्या शाईचा प्रश्नच निकालात काढते. डिझायनरला सुरुवातीला यात आपले काम कमी झाल्यासारखे वाटले. वास्तविक ते काम अधिक नेमके झाले: आता त्याला फक्त काच रंगवायची होती.

फाइल तयार करताना

कमानीचा सांगाडा कोरलड्रॉ या रेखांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आखण्यात आला. अर्धवर्तुळाच्या १८० अंशांचे २० अंशांचे नऊ भाग केले, म्हणजे मधोमध पट्टी न येता एक पूर्ण पाकळी येते आणि दाराखाली उभ्या पात्राच्या डोक्यावर काळी रेघ दिसत नाही. हेच आरेखन सुताराला पूर्ण आकारात कागदावर छापून दिले, त्यामुळे लाकूड आणि छपाई यांचे माप एकाच मुळातून निघाले.

रिझोल्यूशनचा, म्हणजे दर इंचात किती पिक्सेल ठेवायचे याचा, प्रश्न त्यानंतर आला. दुकानाच्या सवयीनुसार डिझायनर ३०० पिक्सेल प्रति इंच ठेवू पाहत होता. सहा फूट बाय तीन फुटांच्या चित्राला त्यासाठी २१,६०० बाय १०,८०० पिक्सेल लागतात आणि आठ बिटांच्या आरजीबीमध्ये (लाल, हिरवा, निळा या पडद्यावरच्या रंगपद्धतीत) एका भरलेल्या लेयरची, म्हणजे चित्राच्या एका थराची, माहिती सुमारे ७०० मेगाबाइट होते. असे डझनभर लेयर दुकानातील संगणकाला पेलले नसते. पहिली रांग बारा फुटांवर होती. एवढ्या अंतरावरून साधारण दृष्टीला एक मिलिमीटरपेक्षा लहान तपशील वेगळा ओळखता येत नाही. म्हणून १५० पिक्सेल प्रति इंच ठरवले. त्यामुळे लेयरचा भार १७५ मेगाबाइटच्या आसपास आला आणि प्रेक्षकांच्या दृष्टीने काहीही गमावले नाही. ७५ वरही भागले असते, परंतु ध्वनिचित्रफितीसाठी कॅमेरा जवळ येण्याची शक्यता गृहीत धरली होती.

काचेचा पोत असा घडवला: करड्या रंगाच्या लेयरवर ढगांसारखा पोत उमटवणारे ‘क्लाउड्स’ फिल्टर चालवून तो पोत एका दिशेने कित्येक पट ताणला, म्हणजे त्यात लांबट लहरी उमटल्या, त्यावर थोडा ‘नॉइज’ (बारीक दाणे) आणि त्याच दिशेचा ‘मोशन ब्लर’ (ओढल्यासारखा पुसटपणा) दिला. हा लेयर ‘सॉफ्ट लाइट’ या हलक्या मिश्रणाच्या मोडमध्ये कमी अपारदर्शकतेने रंगावर ठेवला आणि प्रत्येक पाकळीसाठी तो वेगळ्या कोनात फिरवला, जेणेकरून नऊ काचा एकाच पत्र्यातून कापल्यासारख्या वाटू नयेत. दोन तांबड्या पाकळ्यांपैकी एक किंचित फिकट ठेवली. कडेला ‘मल्टिप्लाय’ या रंग गडद करणाऱ्या मोडमधील मंद आतली सावली दिली, कारण लाकडाच्या खाचेत साचलेली धूळ तिथला उजेड खरोखरच कमी करते. पांढरी चमक आणि फुगीरपणा पूर्णपणे काढून टाकला. विस्थापनाचे ‘डिस्प्लेस’ फिल्टर वापरून काचेमागचे झाड वेडेवाकडे दिसावे, असा एक सुंदर प्रयोगही डिझायनरने केला होता. त्या फिल्टरमध्ये मध्यम करडा रंग जागचा हलत नाही आणि त्याहून गडद किंवा फिकट भाग चित्राला विरुद्ध दिशांना सरकवतो, हे तो चाचण्या घेत शिकला होता. पण दुधाळ फिल्ममागे झाड दिसणे शक्यच नव्हते, म्हणून तो प्रयोग जड मनाने वगळला.

रंगांची चाचणी

रंगांचा निर्णय मॉनिटरवर घ्यायचा नाही, असे मी फाइल स्वीकारतानाच सांगितले होते. प्रत्येक रंगाचे तीन वेगवेगळ्या दाटपणाचे दोन इंची चौकोन, ठरलेल्या फिल्मवर, ठरलेल्या यंत्रावर छापून ते ठरलेल्या दिव्यांसमोर पाहायचे, अशी अट होती. कमानीमागच्या सहा इंच खोल पेटीत थंड पांढऱ्या आणि उबदार पांढऱ्या अशा दोन प्रकारच्या एलईडी पट्ट्या एकाआड एक बसवल्या होत्या, म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ वेगवेगळ्या मंद करता येत. पट्ट्यांमधील अंतर पेटीच्या खोलीपेक्षा कमी ठेवल्याने फिल्मवर उजेडाचे पट्टे उमटले नाहीत.

चाचणीत निळ्याने सर्वांत जास्त त्रास दिला. मॉनिटरवरचा झळझळीत निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, येताना जांभळट होतो, आणि उबदार दिव्याच्या प्रकाशात निळा अंश मुळातच कमी असल्याने संध्याकाळच्या दृश्यात तो जवळजवळ काळा पडला. मॅजेंटा या किरमिजी शाईचे प्रमाण ८० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आणल्यावर तो दोन्ही दिव्यांत निळाच राहिला. तांबड्याला उलट अधिक शाईची गरज होती. मागून उजळल्यावर तो गुलाबी दिसत होता, म्हणून संपूर्ण छपाई दुहेरी थराने करण्याचे ठरले. वर चमकदार लॅमिनेशनऐवजी मॅट लॅमिनेशन निवडले, कारण समोरच्या स्पॉट दिव्याचे प्रतिबिंब कमानीत दिसणे परवडणारे नव्हते.

जमिनीवरचे ऊन

कवडशासाठी छपाईचा हट्ट सोडून नाटकवाल्यांच्या नेहमीच्या जिलेटिन कागदाचाच, म्हणजे दिव्यासमोर लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचाच, आधार घेतला. त्याच कोरलड्रॉ आरेखनाची लहान प्रत काढून पुठ्ठ्यात नऊ पाकळ्या कापल्या, त्यांत रंगीत जिलेटिन चिकटवले आणि ही चौकट एका बाजूच्या विंगेत, उंच सरकत्या काठीवर बसवलेल्या एलईडी स्पॉटसमोर धरली.

येथे एक सुंदर वाद झाला. ३० अंशांच्या तिरकस कोनातून पडणारा झोत जमिनीवर दुप्पट लांब पसरतो, म्हणून डिझायनरने आरेखन त्या दिशेने निम्मे दाबून दिले, म्हणजे जमिनीवर शुद्ध अर्धवर्तुळ उमटेल. प्रकाशयोजनाकारांना ते खोटे वाटले. उतरते ऊन लांबच पडते आणि संध्याकाळ ओळखू येते ती या लांबण्यावरूनच, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही चौकटी तालमीत लावून पाहिल्या. दाबलेल्या चौकटीचा कवडसा गालिच्यावरच्या नक्षीसारखा दिसला. न दाबलेल्या चौकटीचा पाहताच सगळे गप्प झाले. तीच ठेवली. कडा मात्र मुद्दाम किंचित पुसट केल्या, कारण सूर्य बिंदू नसून आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापतो आणि चार मीटरवरून आलेल्या खऱ्या कवडशाची कड साडेतीन-चार सेंटीमीटर पुसट असते.

परिणाम

बंदिस्त नाट्यगृहातील प्रयोगात कमान अपेक्षेप्रमाणे दिसली. थंड उजेडातून तांबूस उजेडाकडे होणारा बदल कोणताही धक्का न बसता झाला आणि तिसऱ्या अंकातील ऊन पात्राच्या पायांपर्यंत ठरल्या क्षणी पोहोचले.

त्याआधीचा जत्रेतील प्रयोग तितका समाधानकारक नव्हता. मंडप तिन्ही बाजूंनी उघडा होता आणि समोरच्या दुकानांचे दिवे रात्रभर जळत होते. दुधाळ फिल्म मागचा उजेड जसा विखुरते तसा समोरून आलेलाही विखुरते. त्यामुळे पिवळ्या आणि हिरव्या पाकळ्या पांढुरक्या पडल्या. निळ्या आणि तांबड्या पाकळ्यांनी तग धरला, पण कमान अर्धवट विझल्यासारखी वाटत होती. नाट्यगृहातील प्रयोगापूर्वी पिवळ्या पाकळ्यांमागे त्याच रंगाचा जिलेटिनचा एक थर जोडून दाटपणा वाढवला. दमट हवेमुळे लॅमिनेशनच्या कडाही दोन ठिकाणी सुटल्या होत्या. लाकडी पट्ट्यांखाली त्या दडल्या, म्हणून प्रेक्षकांना जाणवल्या नाहीत.

काय वेगळे करता आले असते

नमुन्याची चाचणी दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत घेतली गेली. तीच जर जत्रेच्या मंडपात, समोर दोन ट्यूबलाइट लावून घेतली असती, तर फिकट रंगांची कमजोरी छपाईपूर्वीच कळली असती. फिकट रंग अधिक दाट छापून मागचे दिवे वाढवणे हा तेथील योग्य उपाय होता, कारण दाट रंगाची फिल्म समोरचा उजेडही अधिक शोषून घेते.

आधी जुन्या कमानी पाहायच्या आणि मग फाइल उघडायची, असा क्रम ठेवला असता तर पहिला मसुदा आणि त्याचा नमुना दोन्ही वाचले असते. तयार फिल्टरला मी सरसकट नाकारत नाही. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात किंवा पोस्टरवर, जिथे चित्र कागदावर समोरच्या उजेडात पाहिले जाते, तिथे बेव्हल आणि चमक शोभून दिसतात.

शिंपल्यांच्या तावदानाची एक खिडकी बाजूच्या भिंतीत ठेवण्याचा नेपथ्यकारांचा विचार वेळेअभावी राहून गेला, याचे मला वाईट वाटते. तिच्यासाठी दुधाळ फिल्म अगदी योग्य होती, रंग जवळजवळ नकोच होते, आणि पोतही त्याच फाइलमधून थोड्या बदलाने काढता आला असता: लहरींऐवजी प्रत्येक चौकोनात मध्यापासून बाहेर पसरणाऱ्या मंद रेषा आणि कडेकडे किंचित पिवळसर होत जाणारा पांढरा. मंडळाने ती फाइल लेयर न जोडता, पाकळ्यांना नावे देऊन आणि छापलेले रंगांचे चौकोन सोबत ठेवून जपली आहे. पुढच्या नाटकात तसे घर आले, तर काम या खिडकीपासून सुरू करावे, असे मी त्यांना सुचवले आहे.